विनोदी चित्राची हस्तलिखित प्रत

साहित्याच्या अभ्यासकाला हस्तलिखिताचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आपल्याला सापडलेली प्रत छापली, तेव्हापासून पाठभेद, प्रक्षेप, लेखनिकाचे प्रमाद हे शब्द आपल्या वर्गांतून रुळलेले आहेत. महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांतील पोथ्या हा तर एका संपूर्ण अभ्यासशाखेचा पाया ठरला. परंतु हाच अभ्यासक तेराव्या-चौदाव्या वर्षी ज्या विनोदी चित्रांवर वाचायला शिकला, त्या चित्रांचीही एक हस्तलिखित प्रत असते, हे त्याला सहसा सुचत नाही. आर्ची असो, सुपंडी असो वा चिंटू असो. आपण पाहिली ती छापील नक्कल. ज्या जाड कागदावर चित्रकाराने पेन्सिलीने आखले, शाईने गिरवले, चुकले तिथे पांढरा रंग लावला, तो कागद कुठे तरी होता. पुष्कळदा तो आता नसतो, आणि नसल्याची नोंदही कुणाकडे नसते.

किशोरवयीन मुलांच्या विनोदी चित्रकथेचा अमेरिकेतील प्रातिनिधिक नमुना म्हणजे ‘आर्ची’. डिसेंबर १९४१चा अंक म्हणून निघालेल्या ‘पेप कॉमिक्स’च्या बाविसाव्या अंकात बॉब मोंटाना याच्या रेषेतून हा मुलगा प्रथम अवतरला आणि पुढे आपल्याकडील रेल्वे स्थानकांवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून व भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांतून त्याने इथल्या इंग्रजी शिकू पाहणाऱ्या पिढ्यांना भुरळ घातली. मराठीत या धर्तीचे, महाविद्यालयीन मुलामुलींच्या खोड्यांवर वर्षानुवर्षे चालणारे चित्रकथांचे मासिक रुजले नाही. आपला हा विनोद वेगवेगळ्या ठिकाणी विखुरला. त्याचा मोठा वाटा दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर गेला, काही वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, काही मुलांच्या इंग्रजी मासिकांत काम करणाऱ्या मराठी चित्रकारांच्या हाती. १९८३ साली ‘टिंकल’मध्ये आलेला सुपंडी राम वाईरकरांनी रेखाटला, आणि तो मराठी हात होता हे आपल्यापैकी किती जणांना त्या वेळी ठाऊक होते?

दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाकडे साहित्याचा भाग म्हणून पाहायला आपण तयार नसतो, याचे मला नेहमी नवल वाटते. २९ जुलै १९२५ रोजी बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे जन्मलेल्या शि. द. फडणीसांनी १९५०च्या दशकापासून ‘हंस’, ‘मोहिनी’ या अंकांसाठी जी मुखपृष्ठे केली, त्यांनी मराठी तारुण्याचा विनोद एक शब्दही न लिहिता मांडला. तिच्या साडीवर उंदीर आणि त्याच्या शर्टावर मांजरे, हे ‘मोहिनी’वरील बसथांब्याचे चित्र ज्याने पाहिले तो विसरत नाही. दोघे तरुण, अनोळखी, सभ्यपणे उभे. जे काही चालले आहे ते कपड्यांच्या नक्षीत. त्या काळच्या कथेला जे सांगायला चार पाने आणि एक गैरसमज लागे, ते इथे एका दृष्टिक्षेपात होते. आता प्रश्न असा की या चित्राबद्दल आपल्याला जे विचारावेसे वाटते त्याचे उत्तर छापील मुखपृष्ठ देऊ शकते का? उंदीर आधी पेन्सिलीने नेमके आखले होते, की साडीच्या चुण्यांबरोबर कुंचल्याने सहज वळवले? विनोद आधी सुचला की रचना? त्या काळी रंगीत चित्राचे एकेका रंगाचे वेगळे ठसे करून ते एकावर एक छापले जात, आणि ठसा केसभर सरकला तरी रेषेची धार जाई. म्हणजे आपण ज्याला फडणीसांचा रंग म्हणतो त्यात फडणीस किती आणि छापखाना किती, हे सांगणारा पुरावा एकच, मूळ चित्र. फडणीसांनी पुढे ‘हसरी गॅलरी’ या नावाने आपल्या चित्रांची प्रदर्शने भरवली आणि मासिकाच्या मुखपृष्ठाला भिंतीवर, योग्य उंचीवर जागा दिली. मराठीत विनोदचित्राला कलाकृती म्हणून पाहण्याचे शिक्षण ज्यांना मिळाले त्यांना ते बहुतांशी तिथेच मिळाले, असे माझे मत आहे. विद्यापीठांनी ते दिलेले नाही.

चित्रपट्टीचे प्रकरण याहून नाजूक आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू ही माणसे मग रोज सकाळी चहाबरोबर घरात येऊ लागली. तीन-चार चौकटींच्या विनोदाचे सारे बळ वेळेच्या हिशेबात असते. कुठली चौकट निःशब्द ठेवायची, भुवई कधी उचलायची, शेवटच्या वाक्यातून कुठला शब्द काढून टाकायचा. कवितेत आपण ज्याला यती म्हणतो, तेच हे. कवितेच्या वहीत खोडलेली ओळ सापडली की आपण तिच्यावर प्रबंध लिहितो. चित्रपट्टीच्या मूळ कागदावरही अशा खोडलेल्या ओळी असू शकतात: पांढऱ्या रंगाखाली दडलेला पहिला चेहरा, फुग्यात चिकटवलेल्या नव्या संवादाची पट्टी, समासात संपादकासाठी लिहिलेली सूचना. छापताना कॅमेऱ्याला दिसू नये म्हणून पाश्चात्त्य चित्रकार फिकट निळ्या पेन्सिलीने आखणी करीत, आणि ती निळी रेषा मूळ कागदावर तशीच राही. चित्रकाराचा पहिला विचार असा उघड्यावर पडलेला असतो, फक्त वाचकापर्यंत पोहोचत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो फोल नाही. चित्रकथा ही छपाईसाठीच जन्माला येते. लाखो प्रती हेच तिचे खरे रूप. मूळ कागद हा केवळ कच्चा माल. तो चौकटीत बसवून भिंतीवर टांगणे म्हणजे जनतेच्या कलेला दिवाणखान्यात कोंडणे. पहिली दोन विधाने मला मान्य आहेत. कलाकृती छापील पानच, यात शंका नाही. पण मग नाटकाचीही खरी कृती प्रयोगच असतो, तरी नाटककाराची वही आपण फेकून देत नाही. आणि छापील रूप हेच खरे म्हणायचे, तर तेही आपण कुठे जपले? वाचनालयांत दिवाळी अंकांची बांधणी करताना मुखपृष्ठ व जाहिराती काढून टाकलेले खंड मी पाहिले आहेत. आत कथा शाबूत, कविता शाबूत; फडणीस, दलाल, मुळगावकर यांची मुखपृष्ठे तेवढी गेलेली. बांधणी करणाऱ्याचा त्यात दोष नाही. साहित्य म्हणजे अक्षरे, ही आपलीच शिकवण त्याने निष्ठेने पाळली.

अनामिकतेचा मुद्दाही इथेच येतो. आर्चीच्या गोष्टींवर दीर्घकाळ चित्रकारांची नावे नसत. हॅरी ल्युसी, सॅम श्वार्ट्झ, डॅन डिकार्लो ही नावे वाचकांनी नंतर रेषेवरून ओळखून काढली. ल्युसीच्या पात्रांच्या अंगविक्षेपावरून, श्वार्ट्झने पार्श्वभूमीत पेरलेल्या बारीकसारीक गमतींवरून. मला हे काम थेट पाठचिकित्सेच्या जातीचे वाटते. एका संहितेतील निरनिराळे हात वेगळे करणे. डिकार्लोने पुढे ‘जोसी’ या आपल्या पात्राच्या हक्कासाठी कंपनीविरुद्ध दावा लावला, २००० साली त्याचे काम सुटले आणि २००१च्या डिसेंबरात तो वारला. अमेरिकेत मूळ पाने चित्रकाराला परत देण्याची पद्धत मोठ्या कंपन्यांत १९७०च्या दशकातच रुळू लागली. त्याआधीची पाने गोदामात पडत, वाटली जात, नष्ट होत. आज तिथे तीच पाने लिलावात मोठ्या किमतीला जातात, आणि किंमत पुष्कळदा त्या पानाच्या गुणापेक्षा पात्राच्या लोकप्रियतेवर ठरते. एखादे सामान्य पान केवळ त्यावर बेट्टी आणि वेरोनिका दोघी आहेत म्हणून महाग असते. संग्रह या शब्दाला चिकटलेली ही गुंतवणुकीची सवय आपण उचलू नये, असे मला वाटते. आपल्याकडे ती अजून फारशी आलेली नाही. तेवढे एक बरे.

भारतीय कायदा मात्र या बाबतीत आपल्या अभ्यासक्रमांच्या पुढे आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने ‘५३ अ’ हे कलम आले. मूळ कृतीची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाली, तर मूळ कर्त्याला वा त्याच्या वारसांना त्या किमतीत कमाल दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो, असे ते सांगते. आणि कुठल्या कृती? चित्र, शिल्प, रेखाटन, आणि साहित्यकृतीचे मूळ हस्तलिखित. रेखाटन आणि हस्तलिखित एकाच वाक्यात! शिवाय कागदाची मालकी आणि चित्राचा हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मूळ चित्र विकत घेणाऱ्याला ते पुस्तकावर छापण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. हे एवढे जरी मराठीच्या विद्यार्थ्याला ठाऊक झाले, तरी चित्रकाराच्या घरी जाऊन ‘आमच्या अंकासाठी एखादे जुने चित्र द्या ना’ असे म्हणताना त्याची जीभ थोडी अडखळेल.

मी हे सोलापुरात बसून लिहितो आहे, आणि या गावाला मूळ आकृती हरवण्याचा अनुभव नवा नाही. सोलापुरी चादर साऱ्या देशाला माहीत आहे. तिच्यावरची नक्षी जकार्ड मागावर उतरण्यापूर्वी कुणी तरी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढलेली असते. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पडतात, आणि पुठ्ठे मागावर चढले की कागदाचे काम संपते. चादर घरोघर गेली. नक्षी काढणाऱ्याचे नाव कुठल्याच चादरीवर नाही. याच जिल्ह्यातील पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या हुसेनांनी उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले. त्यांचे कॅनव्हास पुढे जगभर जपले गेले, फलकांचे नशीब तसे नव्हते. हात तोच, एक काम कला ठरले, दुसरे धंदा. चादरीचा कागद, सिनेमाचा फलक आणि चित्रकथेचे पान यांना गौण ठरवणारी दृष्टी एकच आहे.

मग करायचे काय? अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात १९७७ साली मिल्टन कॅनिफ या चित्रपट्टीकाराच्या कागदपत्रांपासून एक संग्रह सुरू झाला आणि त्याचे आज चित्रपट्ट्या व व्यंगचित्रांचे फार मोठे ग्रंथालय झाले आहे. सुरुवात एका माणसाच्या खोक्यांपासून झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सोलापूर विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. म्हणजे ते वयाने तरुण आहे, आणि तरुण संस्थेला जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. इथल्या मराठी विभागाने, किंवा शहरातील एखाद्या जुन्या महाविद्यालयाने, किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या संस्थेने एक कपाट या कामाला द्यावे. जिल्ह्यात शाळेचे चित्रकला शिक्षक आहेत, ज्यांनी कधी काळी दिवाळी अंकांना, स्थानिक दैनिकांना, किशोर मासिकांना हास्यचित्रे दिली. त्यांच्या घरी माळ्यावर परत आलेल्या चित्रांची पाकिटे असण्याचा संभव आहे. ‘साभार परत’ची चिठ्ठी असेल तर तीही ठेवावी. संपादकाने काय नाकारले, हा विनोदाच्या इतिहासाचा निम्मा भाग आहे. विकत घेणे शक्य नसेल तिथे चांगली प्रतिमा घेऊन कागद घरच्यांकडेच राहू द्यावा. विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय सुचत नाही, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. एका चित्रकाराची पन्नास मूळ चित्रे आणि त्यांची छापील रूपे समोरासमोर ठेवली, तर प्रबंधाला पुरेल एवढे काम त्यात आहे.

घाईही आहे. नवे चित्रकार पडद्यावर थेट काढतात. त्या चित्राला मूळ कागद उरतच नाही, आणि खोडलेली रेषा कायमची पुसली जाते. म्हणजे कागदावरच्या मूळ चित्रांचा साठा आता वाढणारा नाही, घटणाराच आहे.

जपण्यासंबंधी दोन-तीन गोष्टी सांगून थांबतो, कारण चांगल्या हेतूने केलेली नासधूसच मी अधिक पाहिली आहे. चित्र लॅमिनेट कधीही करू नये. ते पुन्हा सोडवता येत नाही. चिकटपट्टी लावू नये, तिचा पिवळा डाग कागदात उतरतो. सोलापूरच्या उन्हात भिंतीवर टांगलेल्या चित्राचे जलरंग काही उन्हाळ्यांत फिके होतात, म्हणून ते आम्लविरहित कागदात गुंडाळून, सपाट, अंधारात आणि वाळवीच्या वाटेपासून दूर ठेवावे. संवादाची पट्टी डिंक सुटून निखळली असेल तर पुन्हा चिकटवू नये, त्याच पाकिटात वेगळी ठेवावी. चित्रकाराचे नाव, अंक, वर्ष, आणि चित्र कुणाकडून आले हे वेगळ्या कागदावर लिहून जोडावे. चित्राच्या मागे लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलीने, अगदी कोपऱ्यात.