एक जूनचे लोक सहा जानेवारीला कसे जन्मले?

"तुमची जन्मतारीख जुळत नाही. आधार दुरुस्त करून आणा."

हे वाक्य सध्या आपल्या तालुक्यात इतक्यांदा ऐकू येतंय की लोकांना ते खरं वाटायला लागलंय. खिडकीच्या आतला माणूस एवढं बोलतो आणि पुढचा नंबर घेतो. बाहेरचा माणूस पिशवीत कागद कोंबून आधार केंद्राच्या रांगेत जाऊन उभा राहतो. माझं म्हणणं असं की बऱ्याच वेळा आधार बरोबर असतं, चूक यादीत असते. ती कशी होते हे सांगतो. पोस्ट लांब आहे, पण घरात कुणाचं पेन्शन किंवा अनुदान अडकलं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात एका योजनेची लाभार्थी यादी माझ्या हाती आली. योजनेचं नाव घेत नाही, कारण हा रोग एका टेबलाचा नाही. यादी चाळताना जन्मतारखेच्या रकान्यात ०६-०१, ०६-०१, ०६-०१ अशी रांगच दिसली. म्हणजे सहा जानेवारी. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे लोक सहा जानेवारीला जन्मतात का? आपल्याकडे लोक जन्मतात एक जूनला! शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराची तारीख आईबापाला आठवायची नाही, मग गुरुजी पटावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. म्हणून तर दरवर्षी ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत निरोप समारंभांची गर्दी असते. पन्नाशी-साठीच्या माणसांच्या यादीत १ जून सापडत नसेल आणि ६ जानेवारीच सापडत असेल, तर ती यादी नासलेली आहे हे सांगायला संगणक तज्ज्ञ लागत नाही.

होतं असं. पोर्टलवरून जी फाईल उतरवतात ती बहुतेक वेळा साधी मजकुराची असते, सीएसव्ही म्हणतात तिला. तिच्यात ०१/०६/१९६० असं आपल्या पद्धतीनं लिहिलेलं असतं, आधी दिवस, मग महिना. ऑपरेटर त्या फाईलवर डबल क्लिक करतो. फाईल थेट एक्सेलमध्ये उघडते आणि कुणालाही न विचारता एक्सेल ठरवतं की ही तारीख आहे. पण कुठल्या पद्धतीची? तर त्या संगणकाच्या रिजन सेटिंगमध्ये जो देश असेल त्याची. कित्येक मशीनवर विंडोज टाकताना 'इंग्लिश, युनायटेड स्टेट्स' असंच राहून गेलेलं असतं. अमेरिकेत आधी महिना लिहितात. झालं, एक जूनचा सहा जानेवारी झाला.

यातली खरी मेख पुढे आहे. त्या ऑपरेटरला स्क्रीनवर १/६/१९६० असंच दिसत राहतं. फक्त शून्यं गेली, बाकी सगळं जागेवर. आतमध्ये मात्र ती ६ जानेवारी म्हणून साठवली गेलेली असते. फाईल पुढच्या कार्यालयात जाते, तिथल्या संगणकावर सेटिंग भारताचं असतं, आणि तिथे ती ०६-०१-१९६० होऊन बाहेर पडते. चूक एका टेबलावर झाली, उघडी पडली दुसऱ्या टेबलावर. दोघंही शपथेवर सांगतील की आम्ही काही बदललं नाही, आणि दोघंही खरं बोलत असतील.

सगळ्याच तारखा बिघडत नाहीत, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नाही. २५/०६/१९६० ला पंचविसावा महिना नसल्यामुळे एक्सेल हात लावत नाही, ती नुसता मजकूर म्हणून पडून राहते. ज्या तारखेचा दिवस १ ते १२ मधला आहे तीच उलटते. हिशेब केला तर वर्षातले १३२ दिवस असे आहेत. ५/५, ६/६ सारख्या बारा तारखा उलटल्या तरी तशाच राहतात, म्हणून त्या वगळल्या. या १३२ दिवसांत जन्मलेल्या माणसानं काहीही चूक न करता त्याचं वय बदलतं.

बदलून काय होतं? १२ जानेवारी १९६० चा जन्म असलेला एक आजोबा धरा. श्रावणबाळ योजनेला वयाची अट ६५ वर्षं. आजोबा १२ जानेवारी २०२५ ला पात्र झाले. यादीत तारीख उलटली की ते १ डिसेंबर १९६० चे होतात आणि पात्रता जाते डिसेंबर २०२५ वर. साडेदहा महिने. औषधाच्या गोळ्या या पैशातून आणणाऱ्या माणसाला साडेदहा महिने म्हणजे काय, हे पगारदार माणसाला समजावून सांगणं अवघड आहे.

आणि आधारचं ऐका. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते. यादीतली चूक म्हणून खिडकीवरून तुम्हाला आधारकडे पिटाळलं आणि कुणीतरी धडपड करून आधार यादीसारखं करून घेतलं, तर ती एकुलती एक संधी एका डबल क्लिकपायी गेली. मग बँक, पॅन, शाळेचा दाखला, सगळ्यांशी भांडण. म्हणून पहिली विनंती ही की यादी बघितल्याशिवाय आधारला हात लावू नका.

शेतकऱ्यांची तर आणखी वेगळी गंमत आहे. गंमत म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. एक्सेलच्या कोऱ्या रकान्यात ७/१२ टाइप करून बघा. आपला सातबारा तिथे '०७-डिसेंबर' होतो. मशीन अमेरिकन सेटिंगचं असेल तर १२ जुलै. गट नंबर ५/२ चा ५ फेब्रुवारी होतो, १२/३ चा १२ मार्च होतो. गट १४५/२ वाचतो, कारण तशी तारीखच नसते. म्हणजे नुकसानीच्या पंचनाम्याच्या यादीत शेजाऱ्याचा गट नीट आणि तुमच्या गटाच्या जागी तारीख. घाबरून ऑपरेटरनं तो रकाना 'टेक्स्ट' केला की तिथे पंचेचाळीस-शेहेचाळीस हजारांच्या घरातला एक पाच आकडी नंबर उगवतो, कारण एक्सेल १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस मोजत बसलेलं असतं. त्या नंबरवरून गट परत काढता येतो, पण तो काढायचा असतो हे कुणाला तरी ठाऊक पाहिजे ना?

हे फक्त आपल्या तालुक्यात होतं असं समजू नका. शास्त्रज्ञही यात पोळले आहेत. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च १', 'सप्ट २' अशी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करायचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडल्या होत्या, त्यातल्या साधारण एक पंचमांश निबंधांत अशा चुका होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलून टाकली. त्यांना ते जमलं. आपल्या शेतकऱ्यानं गट नंबर बदलायचा का?

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. हा प्रश्न आपल्या जुन्या लोकांनी कधीच सोडवला होता. शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा. जन्मदिनांक अंकी आणि खाली अक्षरी. 'एक जून एकोणीसशे साठ.' एकदा अक्षरात लिहिलं की कुठलाही कारकून आणि कुठलंही मशीन त्याचा सहा जानेवारी करू शकत नाही. चेकवर रक्कम आपण आजही दोनदा लिहितो. मग संगणक आला म्हणून जन्मतारखेची ही काळजी का सोडली? यादीत महिना अक्षरात लिहा, ०१-जून-१९६०. नाहीतर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, १९६०-०६-०१. ही आंतरराष्ट्रीय मान्यतेची पद्धत आहे आणि ती कुठल्याही देशाच्या सेटिंगवर उलटत नाही. परिपत्रकात यासाठी एक ओळ लागते. पाच-पाच पानांची परिपत्रकं निघतात, त्यात ही एक ओळ नसते.

ऑपरेटरला झोडपू नका. तो बहुधा कंत्राटी, पगार थकलेला, प्रशिक्षण शून्य, आणि 'संध्याकाळी पाचच्या आत यादी पाठवा' असा व्हॉट्सअॅपवर आदेश. जबाबदार तो, ज्याची यादीखाली सही आहे. सही करण्याआधी त्यानं मूळ अर्जाशी दहा नावं ताडून बघितली असती तरी हे पकडलं गेलं असतं.

जे पोरं-पोरी सेतू केंद्रात, ग्रामपंचायतीत, सोसायटीत हे काम करतात त्यांच्यासाठी. सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. कोरं एक्सेल उघडा, 'डेटा' टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाईल निवडल्यावर जो प्रीव्ह्यू येतो त्यात 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स' निवडा. मग सगळं मजकूर म्हणूनच येतं. गट नंबर तसाच राहतो आणि खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही वाचतात. तारखेचा रकाना खरोखर तारीख म्हणून हवाच असेल, वय काढायला लागतं ते मान्य, तर 'ट्रान्सफॉर्म डेटा'मध्ये जाऊन त्या रकान्याला 'युजिंग लोकेल'मधून 'डेट' आणि 'इंग्लिश, इंडिया' द्या. जुनं एक्सेल असेल तर 'टेक्स्ट टू कॉलम्स'च्या तिसऱ्या पायरीवर 'डेट'समोर 'डीएमवाय' निवडायचं असतं. आणि मशीनचं रिजन सेटिंग आजच बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

यादी आधीच बिघडली आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे. तारखेच्या रकान्याची रुंदी वाढवा. काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या तर सावध व्हा. डावीकडच्या मजकूर म्हणून राहिलेल्या, उजवीकडच्या एक्सेलनं तारीख मानलेल्या. उजवीकडच्यांत १३ पासून ३१ पर्यंतचा एकही दिवस सापडला नाही, तर त्या उलटलेल्या आहेत असं धरून चाला. तिथल्या तिथे हातानं दुरुस्ती करू नका, मूळ फाईल परत उतरवा. चार टेबलांवरून जोडून आलेल्या यादीत कुठली तारीख उलटली आणि कुठली नाही हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

बाकीच्यांनी एवढंच करा. जन्मतारीख जुळत नाही असं सांगितलं तर यादीतली तारीख दाखवा म्हणा, तो तुमचा हक्क आहे. दिवस आणि महिना अदलाबदल झालेला दिसला तर एक साधा अर्ज लिहा: 'माझा जन्मदिनांक अंकी अमुक, अक्षरी अमुक असा आहे. आपल्या यादीत दिवस व महिना उलट नोंदला गेला आहे. मूळ अर्जावरून तपासून यादी दुरुस्त करावी.' सोबत दाखल्याची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर मंगळवारी बाजारच्या दिवशी माझ्याकडे या, मी लिहून देईन.