हाताला फसविणारी नाणी

नाणे हे शासनाने सामान्य माणसाला दिलेले वचन होय. कायदा वाचणारे थोडे, अंदाजपत्रक वाचणारे त्याहूनही थोडे. परंतु नाणे प्रत्येकाच्या मुठीत जाते. आणि मुठीतले नाणे कोणी वाचीत नाही, ते बोटांनी ओळखावयाचे असते. आकार, वजन, कड आणि जाडी हीच त्याची खरी लिपी. या लिपीत आज ज्या अक्षराचा अर्थ ‘एक’, त्याच अक्षराचा उद्या ‘दोन’ असा अर्थ होऊ लागला, तर त्या लिपीला काय म्हणावे? आमच्या देशाच्या नाण्यांची नेमकी हीच अवस्था झाली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुरावा कोणाच्याही गल्ल्यात सापडेल. १९९२ पासून निघू लागलेला पोलादी रुपया २५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४.८५ ग्रॅम वजनाचा होता. २०११ साली दोन रुपयांचे नवे नाणे निघाले; त्याचाही व्यास २५ मिलिमीटर, वजनही ४.८५ ग्रॅम आणि धातूही पोलादच. म्हणजे ज्या चकतीला लोक वीस वर्षे ‘रुपया’ म्हणत आले, तिलाच एका अधिसूचनेने ‘दोन रुपये’ म्हणावयास सांगितले गेले, आणि जुना रुपयाही चलनात ठेवला गेला! त्याच वर्षीचा नवा रुपया पाहावा, तर तो सुमारे २२ मिलिमीटरचा, म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वीच्या पन्नास पैशांच्या मापाचा. पुढे २०१९ साली आणखी एक मालिका आली. तिच्यातील दोन रुपये २३ मिलिमीटरचे. हे माप २०११ च्या पाच रुपयांचे. तिच्यातील पाच रुपये २५ मिलिमीटरचे. हे माप २०११ च्या दोन रुपयांचे. पाचाचा रंग पिवळसर, म्हणून डोळसाला भेद कळतो हे खरे. परंतु बोटांना रंग दिसत नाही.

आश्चर्य असे की, ही २०१९ ची मालिका दृष्टिहीनांच्या सोयीसाठी म्हणून मुद्दाम काढली गेली. मोठ्या मूल्याचे नाणे अधिक मोठे व अधिक जड असावे, हे तिचे सूत्र. सूत्र उत्तम आहे, आणि वीस रुपयांच्या नाण्याला बारा बाजू देऊन त्याच मापाच्या दहाच्या नाण्यापासून ते वेगळे केले, हेही योग्यच झाले. परंतु योजणाऱ्यांनी प्रत्येक मालिका स्वतंत्र संच म्हणून पाहिली. संच टाकसाळीत असतो. बटव्यात संच नसतो, तेथे सरमिसळ असते. १९९२, २०११ आणि २०१९ ही साले तेथे एकमेकांवर आपटत असतात. प्रत्येक मालिका आपल्यापुरती सुसंगत आणि सर्व मिळून विसंगत, असा हा चमत्कार आहे.

नोटांची कथा निराळी नाही. २०१६ नंतरच्या नव्या मालिकेत पन्नास रुपयांपासून पुढच्या सर्व नोटांची रुंदी ६६ मिलिमीटर अशी एकच आहे. लांबीत शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. चार मिलिमीटरच्या फरकावर आंधळ्या माणसाने शंभर आणि दोनशे ओळखावे, अशी ही अपेक्षा! शिवाय जुनी पन्नासाची नोट अद्याप वैध आहे, आणि तिची लांबी १४७, म्हणजे नव्या दोनशेच्या नोटेहूनही अधिक. दृष्टिहीनांच्या राष्ट्रीय संघटनेला या प्रश्नासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारे ‘मनी’ नावाचे मोबाइलवरील साधन दिले. जे काम कागदाच्या कडेने करावयाचे, त्यासाठी आता प्रत्येक अंधाने यंत्र बाळगावे!

माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावाला चलनाचा गोंधळ नवा नाही, असे कोणी म्हणेल. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तेथे हाली रुपया चाले आणि सरहद्दीपलीकडे कलदार. पुढे सात हाली बरोबर सहा कलदार असा हिशेब ठरला, आणि हाली नाणे १९५९ पर्यंत पुरते रद्द झाले नव्हते. हिशेब त्रासाचा होता, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हाली रुपयावर चारमिनार होता, कलदारावर इंग्रजांचा राजा. दोघांची नावे निराळी, रूपे निराळी. तो व्यवहार किचकट होता, फसवा नव्हता. आजचा व्यवहार सोपा असून फसवा झाला आहे.

याचा दंड कोण भरतो? शहरातील सुशिक्षित नव्हे. आठवड्याच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी विकणारी म्हातारी भरते. दहा रुपयांचे नाणे खेड्यापाड्यांतील दुकानदार नाकारू लागले, तेव्हा जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की, या नाण्याचे चौदा नमुने निघाले असून ते सर्व वैध आहेत. दुकानदारांना अडाणी म्हणून हसणे सोपे आहे. आम्ही उलट विचारतो: ज्या नाण्याला चौदा तोंडे, त्याच्याविषयी शंका येणे हा अडाणीपणा की शहाणपण?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, धातू महागला, म्हणून नाणी लहान करणे भाग पडले. धातू महागतो, हे खरे. परंतु १९५७ साली दशमान पद्धती आली, तेव्हाचे पाच पैशांचे नाणे चौकोनी होते. पुढे ते ॲल्युमिनियमचे झाले, तरी चौकोनीच राहिले. धातू बदलला, ओळख राहिली. तेव्हा जे साधले ते आज असाध्य का व्हावे? दुसरा आक्षेप असा की, आता मोबाइलवरूनच पैसे दिले जातात, नाण्यांची चिंता कशाला? ज्याच्या हाती ते साधन नाही, त्याच्याचसाठी नाणे उरले आहे. म्हणूनच ते अधिक निर्दोष हवे. तिसरा आक्षेप असा की, नाण्यावर आकडा आहे, तो वाचावा. हा सल्ला डोळसांनी डोळसांना दिलेला आहे.

सुसंगती म्हणजे एकसुरीपणा नव्हे, हेही सांगितले पाहिजे. चित्रे खुशाल बदलावीत. युरोपात २००२ पासून चालणाऱ्या युरो नाण्यांची एक बाजू प्रत्येक देश आपल्या आवडीप्रमाणे नटवितो. परंतु वीस सेंटच्या कडेवरील सात खाचा सर्वत्र त्याच आहेत. तेथे डोळ्यांना वैविध्य आहे आणि बोटांना स्थैर्य.

आमचे मागणे थोडके आहे. नाण्यांची मापे व रूपे ठरविण्याचा अधिकार २०११ च्या कायद्याने केंद्र सरकारकडे आहे. त्या सरकारने स्वतःला एकच नियम घालून घ्यावा: एका मूल्याला दिलेले माप, ते जुने नाणे चलनात असेतो, दुसऱ्या मूल्याला देऊ नये, नाइलाजाने द्यावे लागलेच, तर निदान कड तरी बोटाला निराळी लागेल अशी करावी. नवी मालिका मंजूर करण्यापूर्वी ती जुन्या नाण्यांत मिसळून दृष्टिहीनांच्या हाती द्यावी, आणि त्यांची बोटे जेथे अडखळतील तेथे योजना परत पाठवावी. यासाठी ना आयोग हवा, ना मोठा खर्च. घराचा जिना बांधणारा साधा गवंडीसुद्धा सर्व पायऱ्या एका उंचीच्या करतो, कारण रात्री अंधारात पाय मोजमाप करीत नाही, विश्वास टाकतो. सरकारने गवंड्याइतका विचार करावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.