आरोग्यचिंतन : विहिरीच्या पाण्याची पारख

चतुर्थीच्या दिवसांत पेडणे-डिचोलीकडील कित्येक घरे वर्षभराने उघडतात. मुंबईहून, बेळगावहून मंडळी येतात, पंगती बसतात आणि परसातील विहिरीचा रहाट पुन्हा फिरू लागतो. ऑगस्ट २०२२ मध्ये घरोघर नळाचे पाणी पोहोचलेले राज्य म्हणून गोव्याची नोंद झाली. तरीही वडिलोपार्जित विहिरीच्या पाण्याची गोडी कोणास सोडवत नाही. पाणी नितळ असते. परंतु नितळ म्हणजे निर्दोष नव्हे.

पाण्यातील परजीवी ओळखण्याची सर्वांत साधी रीत महाराष्ट्राने नारूच्या रोगाच्या वेळी पाहिली. नारूची अळी पायऱ्यांच्या विहिरींतील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलचराच्या पोटात वाढे. पेलाभर पाणी उजेडात धरले तर हा जलचर हलत्या ठिपक्यासारखा दिसे आणि दाट विणीच्या फडक्यावर अडके. पाणी गाळणे हीच परीक्षा आणि हाच उपाय. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

आज ज्यांची धास्ती बाळगावयाची ते परजीवी मात्र फडक्याला दाद देत नाहीत. आमांशाचा अमीबा, जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे रुग्णाच्या मलावाटे कवच पांघरून बाहेर पडतात. जिआर्डियाचे कवच मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे असते. क्रिप्टोस्पोरिडियमचे त्याच्याही निम्मे. शिवाय ते पाण्यात विरळ असतात. म्हणून प्रयोगशाळेत दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी अतिसूक्ष्म गाळणीतून काढतात. गाळणीवरील गाळ धुऊन एकवटतात. ज्यांना हे कवच नेमके चिकटते असे चुंबकीय कण त्यात मिसळून ते चुंबकाने वेगळे करतात आणि शेवटी चमकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजतात. काम खर्चाचे व कसबी हाताचे. ते रोज, प्रत्येक विहिरीसाठी होणे नाही.

मग आपल्याकडे नेहमी होते ती तपासणी कोणती? ती जीवाणूंची. १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी औषधी कागदाची पट्टी घातलेल्या बाटलीची युक्ती प्रसिद्ध केली. बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवावे. काळे पडले तर त्यात मैला मिसळल्याचा संशय घ्यावा. ही परीक्षा स्वस्त व उपयुक्त खरी. परंतु ती परजीवी दाखवीत नाही. क्लोरीनने जीवाणू मरतात, क्रिप्टोस्पोरिडियम बहुधा तगून राहतो. अशा वेळी बाटली स्वच्छ राहते आणि धोका कायम असतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिल्वॉकी शहरात हेच घडले. नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोक आजारी पडले. पाण्याला क्लोरीन दिलेले होते. शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा वाढलेला गढूळपणा हीच काय ती आगाऊ सूचना होती.

आपल्या भागास ही गोष्ट विशेष लागू पडते. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात वरचे पाणी त्याच्या भेगांतून, पुरेसे गाळले न जाता, झपाट्याने विहिरीत उतरते. जवळच शौचालयाचा शोषखड्डा असेल तर त्यातील मैलाही त्याच वाटेने येतो. पहिल्या जोराच्या सरीनंतर ज्या विहिरीचे पाणी लालसर होते, तिने आपली वाट आपणच दाखविली असे समजावे.

तेव्हा विहिरीचा कठडा उंच व अभंग ठेवावा, भोवती फरसबंदी करून पाणी दूर वळवावे आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूस असावा. पाणी तपासून घ्यावे. मात्र अहवाल हाती आल्यावर तपासणी कशाची केली हेही विचारावे. आणि पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसेच उकळू द्यावे. क्लोरीनला न जुमानणारे कवच उकळीपुढे टिकत नाही. पंगतीत लहान मुले, वृद्ध आणि आजारातून उठलेली माणसे असतात. अशा जुलाबाचा फटका त्यांनाच सर्वांत अधिक बसतो. त्यांच्यासाठी चुलीवर एक मोठे भांडे अधिक चढविणे हे काही फार कष्टाचे नाही.