सायकल शर्यत घाटात उभे राहून पाहा

‘सायकल शर्यत रस्त्याकडेला उभे राहून पाहायची म्हणजे दोन तास ताटकळायचे आणि दहा सेकंदांत सगळे संपायचे, त्यापेक्षा टीव्ही बरा’, असे एका वाचकाने लिहिले आहे. सपाट रस्त्यापुरते ते खरे. तिथे पुढच्याच्या आडोशाने वाऱ्याचा मार चुकवत सारा घोळका एकत्र धावतो आणि झर्रकन निघून जातो. चढावर वेग मंदावतो, आडोशाचा फायदा फारसा उरत नाही, आणि घोळका फुटतो. मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ या किताबाला एवढा मान उगाच नाही.

ती शर्यत मी डोंबिवलीहून खोपोली लोकलने जाऊन, बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाजवळ उभा राहून पाहिली आहे. आधी एकटाच येतो. नाकाच्या शेंड्यावरून घाम हँडलवर ठिबकताना दिसतो, गिअर बदलल्याचा खटका ऐकू येतो. मग दोघे-तिघे, आणि बऱ्याच वेळाने अगदी शेवटचा. कॅमेरा आघाडीवाल्यांबरोबर पुढे गेलेला असतो; त्या शेवटच्याला ‘चल, चल, आलाच माथा!’ म्हणणारे फक्त रस्त्यावरचे लोक असतात.

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’मुळे आंतरराष्ट्रीय दर्जाची, ४३७ किलोमीटरची टप्प्यांची शर्यत पुणे जिल्ह्यात झाली. ठाणे-कल्याणहून तिथवरचे अंतर काही फार नाही. पुढच्या खेपेस आपल्या दैनिकाने निकालाइतकीच, शर्यत कोणत्या चढावर किती वाजता पोहोचेल याची माहिती आदल्या दिवशी छापावी, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली (पूर्व)