रापलेला चेहरा आणि पहिले गिऱ्हाईक

बुलढाणा जिल्ह्यात माणूस घाटावरचा की घाटाखालचा, हा प्रश्न गावाच्या नावाआधी विचारला जातो. घाटावर ऊन त्यातल्या त्यात सौम्य. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगावच्या पट्ट्यात ते वैशाखाची वाट पाहत नाही. परंतु सोयाबीन सोंगणारी, कापूस वेचणारी किंवा एस.टी.च्या थांब्यावर तासभर उभी राहून महाविद्यालय गाठणारी मुलगी दोन्हीकडे सारखीच रापते. या रापण्याला आता तालुक्याच्या गावीही इंग्रजी नाव मिळाले आहे. ब्युटी पार्लरच्या दरपत्रकात ‘डी-टॅन’ हा शब्द ठळकपणे झळकतो आणि पहिल्यांदाच तेथील पायरी चढणाऱ्या मुलीच्या कानांवर जे पहिले वाक्य पडते, ते पुष्कळदा स्वागताचे नसते. “अगं, किती टॅन झालीयेस!” हे ते वाक्य. मुलगी आलेली असते केवळ भुवया कोरून घ्यायला. बाहेर पडते ती चेहऱ्याविषयी एक नवे दुःख आणि पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन.

वस्तुतः हा शब्द ज्या देशांतून आला, तेथे त्याची प्रतिष्ठा नेमकी उलटी आहे. युरोप-अमेरिकेत शेतकरी उन्हात राबत होता, तोवर पांढरी कातडी ही खानदानाची खूण होती. कष्टकरी गिरण्यांत आणि कचेऱ्यांत शिरला, तेव्हा समुद्रकिनारी पडून रापून येणे ही सुखवस्तूंची मिरवण्याची बाब झाली. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून अतिनील दिव्यांच्या पेटीत निजवून कातडी रापवून देणारी दुकाने अमेरिकेत निघाली. नवख्या गिऱ्हाइकाला तेथे काय सांगितले जाते, याचा छडा तेथील प्रतिनिधिगृहाच्या एका समितीतील अल्पमतातील सदस्यांच्या कर्मचाऱ्यांनी लावला. गौरवर्णी अल्पवयीन मुली असल्याचे भासवून त्यांनी ३०० दुकानांना दूरध्वनी केले. दहांपैकी नऊ दुकानांनी धोका काहीच नसल्याचे बेधडक सांगितले. हा अहवाल २०१२चा. त्याआधी तीन वर्षे, २००९ मध्येच, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या दिव्यांना तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस यांच्या पंक्तीत, म्हणजे माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गोष्टींत बसविले होते. ब्राझीलने त्याच वर्षी सौंदर्यासाठी या पेट्या वापरण्यावर बंदी घातली.

तेथे पांढरेपणाची लाज विकली गेली, येथे काळेपणाची विकली जाते. विक्रीची रीत मात्र एकच आहे. आधी उणीव दाखवायची, मग तिच्यावरचा उपाय आपल्याच फडताळात असल्याचे सांगायचे. ज्या महाराष्ट्राने सावळ्या विठ्ठलाचे कौतुक करताना शतकानुशतके थकवा मानला नाही, त्याच महाराष्ट्रात मुलगी पाहायला आलेली मंडळी रंगाची चौकशी पोह्यांच्या आधी उरकतात. त्यामुळे पार्लरच्या खुर्चीवर ऐकलेले वाक्य एकटे नसते. घरातल्या आत्या-मावश्यांनी ते आधीच अनेकदा उच्चारलेले असते. रूपाची ही धास्ती किती खोल आहे, हे शेगाव तालुक्याने अलीकडेच पाहिले. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील काही गावांत अनेकांचे केस थोड्याच दिवसांत गळून टक्कल पडले, तेव्हा आजाराइतकीच चर्चा झाली ती शाळा-महाविद्यालयात तोंड कसे दाखवावे याची आणि जुळत आलेल्या सोयरिकींची.

शरीरशास्त्र याबाबत फारसे गूढ नाही. उन्हापासून बचाव म्हणून त्वचा अधिक रंगद्रव्य तयार करते, वरचा थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो आणि ऊन टाळले तर रापलेपण हळूहळू आपोआप उतरते. म्हणजे स्कार्फ, छत्री आणि थोडा धीर यांनी जे होते, त्याचेच मोल दर महिन्याला मोजून घेतले जाते. जन्मजात वर्णाला तर कोणताही लेप हात लावू शकत नाही. तो बदलून देण्याचे आश्वासन जेथे मिळते, तेथे एकतर थाप असते किंवा विष असते.

विष हा शब्द अतिशयोक्तीचा नव्हे. शेजारच्या अकोल्यात एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांनी, आई आणि दोन मुलींनी, स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेले क्रीम वापरले आणि तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयापर्यंत गेलेल्या या प्रकरणात क्रीममध्ये पारा सापडल्याचे वृत्त २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही. नकळत आला तरी दहा लाखांत एक भाग एवढीच सवलत आहे. पारा कातडीतून रक्तात जातो आणि रक्तातून मूत्रपिंडात. स्टेरॉइडची मलमे ही दुसरी वाट. आठवडाभरात चेहरा उजळतो, मलम सोडताच लाल होतो, पुरळ येते, म्हणून पुन्हा तेच मलम. यांतील चौदा मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असे केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरविले. ती औषध दुकानात किती सहज मिळतात, हे कोणत्याही वाचकाने स्वतः विचारून पाहावे.

तथापि सारा दोष पार्लर चालविणाऱ्या स्त्रीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तिने तीन-सहा महिन्यांचा वर्ग केलेला असतो, बचत गटाचे किंवा बँकेचे कर्ज काढलेले असते, गाळ्याचे भाडे लग्नसराई नसतानाही द्यावे लागते. भुवया कोरण्यात सुटते ते किती? प्रसाधने पुरविणारा विक्रेताच तिला पहिल्या भेटीत गिऱ्हाइकाला ‘कन्व्हिन्स’ कसे करावे याचे धडे देतो. ज्या समाजात विधवेला, परित्यक्तेला किंवा शिकून घरी बसलेल्या सुनेला स्वतःच्या नावाची पाटी लावता येईल असे व्यवसाय बोटांवर मोजण्याइतके आहेत, तेथे ही पाटी टिकली पाहिजे. प्रश्न ती कशावर टिकावी, एवढाच आहे.

नवख्याला आपलेसे करण्याचा धडा या जिल्ह्याने बाहेरून आणण्याचे कारण नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात पहिल्यांदा आलेल्या अनोळखी माणसालाही सेवेकरी हात जोडून ‘माऊली’ म्हणतो, रांग कोठे आहे ते सांगतो. येणाऱ्याच्या कपड्यांकडे पाहून आवाज बदलत नाही. देवस्थान आणि दुकान यांची तुलना काहींना रुचणार नाही. पण माणूस तेथे पुन्हा का येतो, हे दुकानदारानेही पाहण्यासारखे आहे. खामगावच्या चांदीपेठेचे नाव तरी कशावर झाले? चांदी खरी असल्याच्या खात्रीवर.

पार्लरमध्ये या खात्रीचे रूप अगदी साधे असेल. दरपत्रक भिंतीवर लावलेले असावे. मुलगी जे काम सांगून आली, तेवढेच आधी करावे. रंगाविषयी तिने विचारले नसेल तर बोलू नये. ब्लीच लावण्यापूर्वी कानामागे थेंबभर लावून दुसऱ्या दिवशी यायला सांगावे, मग त्या दिवसाची कमाई बुडाली तरी चालेल. निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदत नसलेली डबी फडताळात ठेवूच नये. चेहऱ्यावर वांग किंवा पुरळ दिसले तर “हे माझे काम नाही, डॉक्टरांना दाखव” असे सांगण्याचे धैर्य असावे. असे सांगणारी स्त्री एक गिऱ्हाईक त्या दिवसापुरते गमावते. तिचे नाव मात्र त्या मुलीच्या वसतिगृहात संध्याकाळपर्यंत पोचते.

प्रशिक्षण वर्गांच्या अभ्यासक्रमात मेहंदीच्या नक्षीला जेवढे तास आहेत, त्यांतील दोन जरी पारा, स्टेरॉइड आणि लेबल वाचणे यांना मिळाले तरी पुष्कळ. कर्ज मंजूर करणाऱ्या बँकांना ही अट घालणे अवघड नाही. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक औषध दुकानांत जातात; पार्लरच्या फडताळापर्यंतही त्यांनी जावयास हवे. लग्नतिथी तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. त्याआधीचे दोन महिने या कामाला पुरेसे आहेत.