मलमाची डबी कोणत्या खात्यात?



कापसाची वेचणी सुरू झाली की आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, सिल्लोड-फुलंब्रीपासून पैठणपर्यंत, संध्याकाळी घरोघर बामचा वास येतो. दिवसभर ओटी बांधून वाकलेली बाई भाकरी थापते, भांडी आवरते आणि मग कुठे लेकीला म्हणते, "पाठीला जरा चोळ गं."

मलम खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. मेंथॉलने गार वाटते. मिथाइल सॅलिसिलेट हे ॲस्पिरिनच्याच गोतातले, त्याने ऊब येते. काही मलमांत मिरचीचा तिखटपणा, म्हणजे कॅप्सायसिन असते. मिरची तोडून पाठ मोडायची आणि मिरचीचाच गुण ट्यूबमधून विकत आणायचा. कोणत्या मिरचीला भाव जास्त मिळाला ते ज्याने त्याने पाहावे! ओढ्याकाठची निर्गुडी फुकट आहे. तिचा पाला गरम करून बांधावा, तिळाच्या तेलात उकळून तेल करावे. चोळणाऱ्या हाताचाही गुण असतोच. मात्र जखमेवर मलम लावू नये, वरून शेक देऊ नये, डबी पोरांच्या हाती लागू देऊ नये. फवारणीचे हात साबणाने धुतल्याखेरीज कोणाच्या पाठीला लावू नयेत. कळ पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल, तर चोळत न बसता घाटीत दाखवावे.

पण रात्री चोळायचे आणि सकाळी तेच वीतभर खुरपे घेऊन वाकायचे, याला इलाज म्हणायचे का? शेतकीची पदवी घेताना हेक्टरी नत्र किती हे आम्हाला तोंडपाठ होते. खुरप्याचा दांडा केवढा असावा हे कोणी शिकवले नाही, आम्हीही विचारले नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातले शेतमजूर आखूड दांड्याच्या कुदळीने वाकून खुरपणी करीत. त्यांनी दावा लावला, डॉक्टरांनी साक्षी दिल्या आणि १९७५ साली ती कुदळ बंद झाली. लांब दांडा आला, शेती काही बुडाली नाही.

आपल्याकडे सायकल कोळपे आहे. उभ्याने चालते, दोन ओळींतले तण काढते. बुडाशी खुरपे लागणारच, पण वाकणे कमी होते. मग ते घरोघर का नाही? पाठ बाईची दुखते आणि खरेदीचा पैसा पुरुषाच्या खिशात असतो, म्हणून. सरकारला शिव्या देण्याआधी एवढे आपण कबूल करू.

आता सरकारकडे वळू. कृषी खर्च व मूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो तेव्हा बियाणे, खत, औषध धरतो, घरच्यांची मजुरी धरतो, अवजारांचा घसारासुद्धा धरतो. नांगर झिजला तर त्याची नोंद होते. नांगरामागे राबणारी पाठ झिजली तर तिचा घसारा कोणत्या रकान्यात?

पुढच्या बैठकीला येताना यंदा मलम, गोळ्या, इंजेक्शने यांवर घरात किती पैसा गेला ते प्रत्येकाने लिहून आणावे. आकडा मात्र घरातल्या बाईला विचारूनच लिहावा.