वकिलांचा दानधर्म

एखादा नामांकित वकील निवर्तला म्हणजे त्याच्यावरील लेखांत एक वाक्य हमखास आढळते: अमक्या बँकेच्या, तमक्या कंपनीच्या संचालकांचा बचाव करून त्याने पैसा व कीर्ती मिळविली, आणि गोरगरिबांचे खटले मात्र फुकट चालविले. वाक्याचा पूर्वार्ध वाचून लोक नाक मुरडतात व उत्तरार्ध वाचून मान डोलावितात. आमच्या मते दोन्ही चूक आहे.

अफरातफरीच्या आरोपीचे वकीलपत्र घेणे हे पाप नव्हे. आरोप म्हणजे शाबिती नव्हे. 1879 साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बचावासाठी गणेश वासुदेव जोशी उभे राहिले, ते सरकारला नको असलेल्या माणसाचीच बाजू मांडीत होते. जो नियम सार्वजनिक काकांना भूषणावह, तोच पतसंस्थेच्या संचालकाच्या वकिलाला लांच्छनास्पद कसा ठरावा?

आमचा खरा आक्षेप त्या 'फुकट' शब्दावर आहे. 1978 साली होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोठा निर्णय दिला. आरोपी विद्यापीठातील अध्यापक होता व आरोप बनावट पदव्यांचा होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याची याचिका फेटाळली. पांढरपेशा गुन्हेगाराला कोर्टे दाखवितात त्या मवाळपणावर ताशेरे ओढले. आणि त्याच निकालपत्रात बजावले की, निर्धन कैद्याला अपिलासाठी वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, दानधर्म नव्हे. पांढरपेशाला सवलत नको, पण वकील प्रत्येकाला हवा, या दोन गोष्टी एकाच लेखणीतून उतरल्या हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पुढे 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. त्याच्या 12 व्या कलमान्वये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, कोठडीतील व्यक्ती इत्यादिकांना वकील मिळण्याचा हक्क आहे. जो हक्क आहे, तो पुरविणाऱ्यास दाता म्हणून मिरविण्याचे कारण नाही.

आता हिंगोली जिल्ह्यातील आखाडा बाळापूरचा विचार करावा. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता व कोर्टाची भाषा उर्दू होती. आपल्याच दाव्यात काय चालले आहे, हे मराठी कुणब्याला दुसऱ्याकडून समजून घ्यावे लागे. आज तालुक्याच्या कोर्टात मराठी आली, पण उच्च न्यायालयाच्या खंडपीठात इंग्रजी आहे, आणि तिथपर्यंतचे अंतर पैशानेच तुटते. समजा, तेथील एखादी पतसंस्था बुडाली. संचालकाच्या जामिनासाठी खंडपीठापुढे नाणावलेला वकील उभा राहील. त्याने प्रत्येक कागद तीनदा वाचलेला असेल. उलट हळद विकून ठेव ठेवणाऱ्या विधवेला ठेवीदारांच्या हितरक्षणाचा 1999 चा कायदा आहे, संचालकांची मालमत्ता जप्त होऊ शकते, हेही कोणी सांगणार नाही. उत्पन्न कितीही असो, केवळ स्त्री म्हणून तिला वकील मिळण्याचा हक्क आहे. पण तो वकील बहुधा नवशिका असतो, मानधन तुटपुंजे असते, आणि कागदपत्रे तारखेच्या दिवशी सकाळी उघडली जातात.

कोणी म्हणेल, वकिलालाही पोट आहे. आहेच, आणि त्याने फी घ्यावी, भरपूर घ्यावी. परंतु गरिबाला फुकट मदत करणे हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक, असे भारतीय वकील परिषदेचे नियमच सांगतात. मग आपल्या आर्थिक कुवतीनुसार ते करणे हा व्यवसायाचाच भाग झाला. उरलेला वेळ गरिबाला व सारी तयारी श्रीमंताला, ही वाटणी नियमात बसत नाही.

तेव्हा आमचे मागणे एवढेच: ज्येष्ठ वकिलांनी विधी सेवेचे खटले कनिष्ठांच्या गळ्यात न बांधता वर्षातून काही तरी स्वतः चालवावेत, आणि संचालकासाठी वाचतात तितक्याच बारकाईने ठेवीदाराचे कागद वाचावेत. आणि बाळापूरच्या ठेवीदार बायांनी कळमनुरीच्या विधी सेवा समितीकडे जाताना हात जोडून जाऊ नये. अर्ज घेऊन जावे व त्याची पोच मागावी.